नदीतले बुंधे: पडलेला पूल कसा वाचायचा

नव्या पुलावरून जाताना कठड्याशी थांबून खाली डोकावलं, की कितीतरी नद्यांत एक दृश्य हमखास दिसतं. प्रवाहात दगडी खांबांचे बुंधे उभे असतात, एका ओळीत, साधारण सारख्या अंतरावर. एखाद्याच्या डोक्यावर झुडूप माजलेलं, एखाद्यावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. वर ना कमान, ना रस्ता. "जुना पूल होता, पडला," एवढं म्हणून आपण पुढे जातो.

मीही बरीच वर्षं तसाच पुढे जात होतो. मग एका वर्षी पाणी खूप खाली गेलेलं असताना अशाच एका बुंध्याच्या मुळाशी जाऊन बसलो, आणि तासाभरात कळलं की इथे बघण्यासारखं भरपूर आहे, आपल्यालाच बघता येत नव्हतं. खांब उरला आणि कमान गेली, असं का? पाडलं कुणी, नदीनं की माणसानं? आणि नवा पूल नेमका याच्याच शेजारी का?

शेवटचा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी उरकतो. पुलाला काठ पक्के लागतात, पात्र शक्यतो अरुंद लागतं आणि दोन्हीकडचे रस्ते तिथवर यावे लागतात. पहिल्या बांधणाऱ्यानं जागा नीट हेरली असेल, तर पुढच्यालाही तीच सोयीची. शिवाय नवा तयार होईपर्यंत जुन्यावरून वाहतूक चालू ठेवायची असते. म्हणून नवा पूल जुन्याच्या जागी न येता त्याला खेटून येतो.

जुना पूल अचानक गेला तरी हेच होतं. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावर रेल्वेपूल होता. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात त्याचे मधले उंच गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, कोसळले, वरून चाललेल्या गाडीसकट. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. लोहमार्ग दोन्ही काठांवर येऊन थांबलेला होताच, त्यामुळे १८८७ मध्ये नवा पूल लगतच उभा राहिला. जुन्याचे वाचलेले काही लोखंडी गर्डर नव्यात वापरले गेले आणि जुन्या खांबांचे बुंधे आजही नव्या पुलाच्या बाजूला ओळीनं दिसतात. त्या गाडीचं इंजिनसुद्धा पाण्यातून काढून, दुरुस्त करून पुन्हा कामाला लावलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'पाणबुड्या'.

टेचा पूल वाऱ्यानं आणि कच्च्या लोखंडी जोडकामानं गेला, म्हणजे वरून गेला. असे पूल कमी. बहुतेक पूल खालून जातात.

पायाखालची वाळू

समुद्रकिनारी ओल्या वाळूत उभं राहा. लाट परतताना टाचांखालची वाळू सरकते आणि आपण नकळत खचतो. पाय काही हलवलेला नसतो. वाहत्या पाण्यातल्या खांबाचं अगदी हेच होतं, फक्त लाटेऐवजी तिथे पूर असतो आणि तो तासन्‌तास चालतो.

प्रवाह खांबावर आदळला की पाण्याला पुढे जायला वाट नसते. थोडं पाणी बाजूंनी वळसा घेतं, पण बरंचसं खांबाच्या तोंडावरून थेट तळाकडे झेपावतं. तळाशी आपटून ते उलटं फिरतं आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक भोवरा खांबाच्या बुडाला विळखा घालतो. हा भोवरा वाळू, गोटे, वेळप्रसंगी मोठाले दगडही उपसून काढतो. अभियंते याला स्काउर म्हणतात. साध्या भाषेत, पायाची खरवड. सगळ्यात खोल खड्डा खांबाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे पडतो. म्हणूनच पायातून गेलेला खांब बऱ्याचदा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला कललेला सापडतो. प्रथम बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पाण्यानं ढकललेला खांब खालच्या अंगाला पडायला हवा ना? पण पाण्यानं त्याला ढकललेलंच नसतं. त्याच्या पुढ्यात खड्डा खणलेला असतो आणि तो त्यात तोंडघशी गेलेला असतो.

यातली खरी लबाडी पुढे आहे. पूर ओसरू लागला की वेग मंदावतो आणि पाण्यातला गाळ त्याच खड्ड्यात येऊन बसतो. आठवड्याभरानं पाहायला जा, तळ सपाट, खांब सरळ, सगळं ठीकठाक. प्रत्यक्षात पायाभोवती जे बसलंय तो भुसभुशीत भराव असतो, पुढच्या पुरात तो पहिल्या फटक्यात निघून जातो. पूल 'अचानक' पडला असं जे म्हणतात, त्यामागे पुष्कळदा असे पाच-पंचवीस न दिसलेले खड्डे असतात.

न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी नावाच्या छोट्या नदीवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात असाच गेला. खांब पसरट पण उथळ पायांवर उभे होते, भोवती संरक्षणाला मोठे दगड टाकलेले होते. आधीच्या पुरांनी ते दगड हळूहळू नेले, कुणी ते वेळेवर परत भरले नाहीत. एक खांब खचला, त्यावरचे गाळे गेले, वाहनं खाली पडली आणि १० जण मेले. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या पाण्याखालच्या भागाची तपासणी चांगलीच कडक झाली. पूल तेव्हा पन्नाशीतलाही नव्हता. म्हणजे जुनाट दगडी पूलच असे पडतात असं मुळीच नाही.

जुन्या बांधणाऱ्यांना भोवऱ्याचं गणित ठाऊक नव्हतं, परिणाम मात्र पुरेपूर ठाऊक होता. त्यांचा उपाय म्हणजे खांबाच्या पायाभोवती लाकडी खुंट ठोकून होडीच्या आकाराचं कुंपण करायचं आणि आत दगड भरायचे. लंडनचा जुना पूल हे याचं सगळ्यात रंगतदार उदाहरण. ११७६ ते १२०९ अशी ३३ वर्षं बांधकाम चाललं. १९ कमानी, वर घरं-दुकानं, आणि प्रत्येक खांबाभोवती असं भरावाचं कुंपण. कुंपणं पाण्यानं झिजायची, म्हणून त्यात आणखी दगड टाकायचे. दगड टाकले की कुंपण रुंद व्हायचं, दोन खांबांमधली वाट अरुंद व्हायची, तिथलं पाणी जास्त वेगानं धावायचं आणि खरवड आणखी वाढायची. मग पुन्हा दगड. औषधानंच रोग वाढावा, तसा हा प्रकार शेकडो वर्षं चालला.

शेवटी तो पूल कमी आणि बंधारा जास्त झाला. ओहोटीच्या वेळी पुलाच्या दोन बाजूंच्या पाण्यात जवळजवळ पुरुषभर फरक पडायचा. शहाणी माणसं अलीकडे होडीतून उतरायची, चालत पलीकडे जायची आणि होडी कमानीखालून धबधब्यासारखी उतरली, की पुन्हा तिच्यात बसायची. वरच्या अंगाला पाणी संथ झाल्यामुळे कडक हिवाळ्यात थेम्स गोठायची आणि बर्फावर जत्रा भरायची. अशी शेवटची जत्रा १८१४ ची. १८३१ मध्ये नवा, मोकळ्या गाळ्यांचा पूल झाला, जुना पाडला, आणि त्यानंतर शहरातली नदी तशी गोठलेली नाही. त्या शतकांत हिवाळेही जास्त कडक होते, हे खरं. पण एका पुलाच्या पायांनी नदीचा स्वभाव किती बदलतो, ते यात दिसतं.

कमानी का टिकत नाहीत

आता वरचा भाग. दगडी कमान स्वतःचं वजन नुसतं खाली टाकत नाही, ती दोन्ही बाजूंना रेटतेही. पाय फाकवून गुळगुळीत फरशीवर उभं राहिल्यावर पाय जसे घसरू पाहतात, तसंच. ओळीत अनेक कमानी असल्या की शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला विरुद्ध दिशांनी रेटतात आणि तो रेटा एकमेकांना फेडतो. सगळ्या जागेवर आहेत तोवर खांब निवांत. एक कमान गेली की शेजारच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा उरतो. खांब जाड असेल तर तो झेलतो, बारीक असेल तर तोही कलतो आणि मग पुढची कमान, त्यापुढची, अशी रांगच बसते.

म्हणून रोमन आणि मध्ययुगीन पुलांचे खांब इतके गब्दुल असतात. गाळ्याच्या रुंदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी खांबाची जाडी ही त्यांची नेहमीची रीत. प्रत्येक खांब एकट्यानं तग धरेल असा. फ्रान्समध्ये १८ व्या शतकात पेरोने या अभियंत्यानं ती जाडी नवव्या-दहाव्या हिश्शापर्यंत उतरवली. नदी मोकळी झाली, पण अट आली: सगळ्या कमानी एकमेकींच्या आधारावर जगणार. तेव्हा नदीत मधल्या अंतराच्या मानानं जाडजूड बुंधे दिसले तर पूल बहुधा जुन्या रीतीचा, हा अंदाज पहिल्या नजरेतच बांधता येतो.

आविन्यों शहराजवळ ऱ्होन नदीवरचा पूल या सगळ्याचा दाखला आहे. बाराव्या शतकातला पहिला पूल १२२६ च्या वेढ्यात मोडला. मग २२ कमानींचा, सुमारे ९०० मीटर लांबीचा पूल उभा राहिला. ऱ्होन पुरासाठी कुप्रसिद्ध. दर काही वर्षांनी एखादी कमान जायची, दुरुस्त व्हायची. कधी लाकडी गाळ्यावर भागवायचे. सतराव्या शतकात लोकांनी नाद सोडला. आज एका काठाला चार कमानी उभ्या आहेत, एका खांबावर छोटं प्रार्थनाघर आहे आणि पूल नदीच्या मध्यावर जाऊन संपतो. खांब जाड होते म्हणून त्या चार कमानी एकट्या उभ्या राहू शकल्या, हे तिथे गेलेल्या किती जणांच्या लक्षात येत असेल?

खांबच उरलेत आणि कमानीचा मागमूस नाही, तेव्हा वर काय होतं ते अंतरावरून ओळखायचं. दोन-तीन मीटरवर सडपातळ दगडी खांबांच्या रांगा असतील तर वर दगडी तुळया किंवा लाद्या होत्या. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही, म्हणून दगडी तुळई लांब घेताच येत नाही. हंपीजवळ तुंगभद्रेच्या पात्रात अशा जुन्या पुलाच्या खांबांच्या रांगा उभ्या आहेत. त्याउलट, बुंधे भक्कम आणि अंतर पाच-पंधरा मीटर, म्हणजे कमान. आणि अंतर भलतंच मोठं असेल तर वर लाकूड किंवा लोखंड होतं. रोमन सम्राट ट्राजनसाठी दमास्कसच्या अपोलोडोरसनं इसवी सन १०३ ते १०५ या काळात डॅन्यूबवर पूल बांधला, त्याचे २० खांब दगड-विटांचे आणि वरच्या कमानी लाकडी. एकेक गाळा ३५ मीटरच्या वर! एवढी झेप त्या काळात लाकडानंच शक्य होती.

नदीनं की माणसानं?

त्या डॅन्यूबच्या पुलाचा वरचा भाग नदीनं नेलेला नाही. इतिहासकार कॅसियस डायो लिहितो की पुढचा सम्राट हेड्रियन यानं तो काढून टाकला, कारण शत्रूही त्यावरून अलीकडे येऊ शकत होता. पूल दोन्हीकडून चालतो ही त्याची जुनी अडचण आहे. खांब मात्र राहिले. १९ व्या शतकाच्या मध्यात पाणी विलक्षण खाली गेलं तेव्हा वीसच्या वीस दिसले. १९०६ मध्ये जहाजांना आडवे येतात म्हणून दोन फोडले. १९३२ मध्ये १६ मोजले गेले, १९८२ मध्ये १२. म्हणजे अठराशे वर्षं टिकलेली वस्तू आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात भराभर संपत आली. जुने अवशेष जुन्या काळातच नष्ट होतात, हा समज किती चुकीचा आहे बघा.

पाडणारा कोण हे ओळखायच्या काही खुणा आहेत. पुरात पडलेल्या कमानीचे दगड खालच्या अंगाला पंख्यासारखे पसरलेले असतात, काही ठिकाणी चुन्यानं एकत्र धरलेला मोठा लगदाच पडलेला असतो. जवळपास एकही घडीव दगड नाही, बुंध्याचा बाहेरचा गुळगुळीत थर सोलून नेलेला आणि आतला दगडगोट्यांचा गाभा उघडा पडलेला, तर माणसाचं काम समजा. पडका पूल म्हणजे आसपासच्या लोकांसाठी आयती खाण. घडलेला, चौकोनी, वाहून न्यायलाही सोपा दगड. हातापुरत्या उंचीपर्यंतच साल गेलेली असेल तर मग शंकाच नको. पाण्याच्या रेषेखाली हात पोचत नाही, म्हणून तिथला थर शाबूत राहतो.

युद्धाची खूण वेगळी. तिथे खांब बहुतेक वेळा उभे आणि मधलेच गाळे गेलेले असतात, कारण माघार घेणारं सैन्य पूल कायमचा नष्ट करायला निघालेलं नसतं, त्याला चार दिवसांची सवड हवी असते. जर्मनीत ट्रिअरला मोझेल नदीवरच्या पुलाच्या कमानी फ्रेंच सैन्यानं १६८९ मध्ये उडवल्या आणि १७१६-१८ मध्ये त्या पुन्हा बांधल्या गेल्या. खांब मात्र दुसऱ्या शतकातले रोमन. आजची वाहनं त्यांच्यावरूनच जातात. ऱ्हाइनवरच्या रेमागेनच्या रेल्वेपुलाचं याच्या उलट झालं. अमेरिकी सैन्यानं तो ७ मार्च १९४५ रोजी जिंकला, दहा दिवसांत तो कोसळला. दोन्ही काठांवरचे काळे बुरूज उरले आहेत. नदीतले खांब १९७६ मध्ये जहाजांसाठी काढून टाकले.

आणि कधी कधी दोघंही वाटेकरी असतात. रोममध्ये टायबर नदीत एकच कमान उभी आहे, तिचं नावच पोन्ते रोत्तो, तुटका पूल. खांब इसवी सनापूर्वी १७९ चे, कमानी १४२ च्या. १५५७ आणि १५९८ च्या पुरांनी अर्धा पूल नेला. उरलेल्या तीन कमानींपैकी दोन माणसांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस नदीचे धक्के बांधताना पाडल्या.

जवळ जाऊन

आता त्या बुंध्याकडे परत येतो, ज्याच्या मुळाशी मी बसलो होतो.

आधी त्याचं नाक बघितलं. खांबाची एक बाजू होडीच्या नाळेसारखी टोकदार होती, दुसरी जवळजवळ सपाट. टोकदार बाजू सहसा पाणी येतं तिकडे. पाणी कापलं जावं, ओंडके अडकू नयेत, म्हणून. खांब कोरड्या शेतात सापडला तर हेच नाक सांगतं की एके काळी नदी कुठून कुठे वाहत होती. दोन्ही बाजू टोकदार असतील तर भरती-ओहोटीचं पाणी, किंवा निव्वळ बांधणाऱ्याची आवड.

मग वरच्या थरातला एक दगड. त्याच्या माथ्यावर मधोमध एक खाच होती, बोटभर लांब, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत गेलेली. बोट घातलं तर आतला उतार हाताला लागला. ही दगड उचलायची खाच. तिच्यात लोखंडाचे तीन तुकडे घालायचे, मधला शेवटी. ते आत फाकतात आणि दोरानं ओढलं की दगड सुटत नाही. पूल उभा असताना ही खाच कधीच दिसत नाही, कारण तिच्यावर पुढचा थर बसलेला असतो. पडका पूल बघण्यातली माझ्या मते सगळ्यात मोठी गंमत हीच आहे. उभ्या पुलानं झाकून ठेवलेलं सगळं इथे उघडं असतं.

कमान जिथून सुरू होत होती त्याच्या जरा खाली ओळीनं काही दगड वीतभर बाहेर आलेले होते. ही सजावट नव्हे, हे सेंटरिंगचे आधार. कमान पुरी होऊन कळीचा, म्हणजे माथ्यावरचा मधला, दगड बसेपर्यंत ती स्वतःला धरू शकत नाही, म्हणून खालून लाकडी साचा लागतो आणि तो साचा या दगडांवर टेकलेला असतो. काम झाल्यावर साचा गेला, दगड तसेच राहिले. फ्रान्समधल्या पाँ द्यु गार या रोमन जलसेतूवर असे बाहेर आलेले दगड लांबूनही ठळक दिसतात. काही पुलांवर त्यांच्याऐवजी चौकोनी भोकं असतात. काम तेच.

दोन दगडांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच आणि तिच्यात गंजाचे डाग दिसले तर तिथे लोखंडी पकड होती, शिसं ओतून बसवलेली. लोखंड आणि शिसं दोन्ही विकाऊ, त्यामुळे खाचा पुष्कळदा रिकाम्या आणि कडा फोडलेल्या.

दरजांतला, म्हणजे दगडांच्या सांध्यांत भरलेला, माल काळ सांगतो, पण फसवतोही. पांढुरका, नखानं किंचित खरवडला जाणारा, मध्येच चुन्याचे ठिपके असलेला माल चुन्याचा. करडा, टणक, कडकडीत असेल तर सिमेंट. आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, तेव्हा त्यानंतरचा. पण जुन्या पुलांच्या दरजा नंतर सिमेंटनं भरण्याचा प्रकार सर्रास झालेला आहे, त्यामुळे बाहेरून दिसतं ते दुरुस्तीचं वय असू शकतं. दगड निघालेल्या जागी, आत खोलवरचा माल बघायचा.

एखादी कमान शिल्लक असेल तर तिच्या खाली जाऊन मान वर करा. बरेचदा पोटावर रस्त्याच्या दिशेनं जाणारी एक सरळ फट दिसते. तिच्या एका बाजूचे दगड काळपट, झिजलेले, दुसऱ्या बाजूचे जरा नेटके, थर न जुळलेले. पूल नंतर रुंद केलेला आहे. वरून चालणाऱ्याला एकच पूल वाटतो, खालून दोन दिसतात.

लाकूड पाण्यात कुजत नाही

हे वाक्य चुकीचं वाटतं, पण कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कायम पाण्याखाली, गाळात गाडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही. ते काळं पडतं, मऊ होतं, तरी शतकानुशतकं राहतं. कुजतो तो मधला पट्टा, जिथे पाणी कधी असतं कधी नसतं. म्हणून जुने खुंट वर पेन्सिलीसारखे निमुळते झालेले आणि खाली धडधाकट असतात. लंडनमध्येच व्हॉक्सहॉलजवळ ओहोटीच्या वेळी थेम्सच्या काठाशी अशा खुंटांच्या दोन रांगा दिसतात, त्या साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, कांस्ययुगातल्या आहेत.

लाकडाचा दगडापेक्षा मोठा गुण म्हणजे ते स्वतःची तारीख सोबत बाळगतं. झाडाला दर वर्षी एक वलय येतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांत ही रुंद-अरुंद चाल सारखीच असते. जिवंत झाडांपासून सुरुवात करून, मग जुन्या घरांच्या तुळया, मग त्याहून जुनी लाकडं, असं एकावर एक जुळवत मागे गेलं की हजारो वर्षांची सलग पट्टी तयार होते. सापडलेला खुंट त्या पट्टीवर सरकवून बघायचा. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं ते नेमकं कळतं. ट्रिअरलाच नदीत सापडलेल्या सगळ्यात जुन्या खुंटांनी इसवी सनापूर्वी १८-१७ हे साल दिलं, आणि शहराच्या स्थापनेचा काळ त्यावरून पक्का झाला. पुलाच्या खुंटांनी शहराचं वय सांगितलं!

खांबाभोवती खुंटांचं बंदिस्त कडं आढळलं तर ते बहुधा बांधकामाच्या वेळचं. खुंटांच्या दुहेरी भिंती करून मधे चिकणमाती ठासायची, आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्यात पाया घालायचा, ही युक्ती रोमन वास्तुकार विट्रुवियसनं लिहून ठेवली आहे. आजही तिला कॉफरडॅम म्हणतात.

पूल तिथेच, नदी गेली

कधी पूल राहतो आणि नदीच निघून जाते. तुर्कस्तानात साकार्या नदीवर सम्राट जस्टिनियननं इसवी सन ५६० च्या सुमारास ४०० मीटरहून लांब दगडी पूल बांधला. तो आजही उभा आहे, पण नदी तीनेक किलोमीटर दूर सरकली आणि त्या अजस्र कमानींखालून आता एक ओढा वाहतो. इंग्लंडमध्ये हेमिंग्टनला १९९३ मध्ये खडीच्या खाणीत मध्ययुगीन लाकडी पुलांचे अवशेष निघाले. एकाच घाटावर एकापाठोपाठ बांधलेले तीन पूल. ट्रेंट नदी पात्र बदलत गेली, वाळू-गोट्यांनी सगळं गाडलं, म्हणूनच ते टिकलं.

पाण्याखालचे बुंधे शोधायला पाण्याचा पृष्ठभाग पुरतो. बुडालेल्या अडथळ्यावर पाणी जरा फुगतं आणि त्याच्यामागे फेसाळ रेघ निघते. तिचं टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं. अशा तीन-चार रेघा सारख्या अंतरावर, सरळ ओळीत दिसल्या तर ती निसर्गाची करामत नाही. मग दोन्ही काठांवर बघायचं: रस्ता किंवा जुनी वाट सरळ पाण्याकडे येऊन विनाकारण संपते का? काठात मोठ्या दगडांचं अबटमेंट, म्हणजे पुलाचं टोक टेकायची भिंत, झाडीत दडलेलं आहे का? ते सगळ्यात शेवटी नष्ट होतं. आणि गावाचं नाव. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार (नदी पायी ओलांडायची उथळ जागा), फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा उतार, इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरचा पूल. अल्कांतारा हा शब्दच अरबीतल्या पुलावरून आलेला. पुलाच्या आधी तिथे बहुतेक वेळा उतार असतोच. त्याचे दगड किंवा फरसबंदी थोडी वर-खाली शोधली तर सापडते.

पात्रात आडवी, तिरपी दगडी ओळ दिसली म्हणजे पूलच असं नाही. तो पाणचक्कीकडे पाणी वळवणारा बंधारा असेल, किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन ओळी एकत्र येत असतील तर मासे पकडायचा सापळा. इराणमध्ये शुश्तरला कारुन नदीवर तिसऱ्या शतकात ससानी राजवटीत बांधलेल्या एकाच वास्तूनं बंधारा आणि पूल ही दोन्ही कामं केली. तिच्या कमानी अजून पाण्यात उभ्या आहेत.

दुष्काळ असे अवशेष उघडे पाडतो. २०२२ च्या उन्हाळ्यात टायबर आटली तेव्हा नीरोच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पुलाचे खांब वर आले. एल्ब नदीकाठच्या एका दगडावर तर १६१६ च्या दुष्काळाचं साल आणि "मला पाहिलंस तर रड" असं जर्मनमध्ये कोरलेलं आहे; पाणी तेवढं खाली गेलं की तो दिसतो. धरण याच्या उलट करतं. तुर्कस्तानातल्या हसनकेफ इथले टायग्रिसवरच्या बाराव्या शतकातल्या पुलाचे प्रचंड खांब २०२० मध्ये इलिसू धरणाच्या जलाशयात बुडाले.

उतरायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. बुंध्यालगतचं पाणी गुडघाभर दिसलं तरी पुढचं पाऊल पुरुषभर खोल खड्ड्यात पडू शकतं. का, ते वर आलंच आहे. बंधाऱ्याखाली पाणी जागच्या जागी उलटं फिरतं, तिथे पट्टीचा पोहणाराही अडकतो. आणि सापडलेला खिळा, पकड, खुंटाचा तुकडा जागेवरच राहू द्या. फोटो काढा, जागा नोंदवा, पुरातत्त्ववाल्यांना कळवा. घरी आणलेला खिळा नुसतं लोखंड असतो. कुठल्या थरात, कुठल्या खुंटाशेजारी होता, त्यावरच तो कशाचा हे ठरतं.

परत वर येऊन नव्या पुलाच्या कठड्याशी थांबलात तर या वेळी जुने बुंधे सोडून नव्याचेच खांब बघा. एखाद्यावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी रंगवलेली असते. कुठे पाण्यापर्यंत उतरणारी केबल असते, तिच्या टोकाला आवाजाच्या लहरींनी तळाची खोली मोजणारं सोनार यंत्र. आणि बुडाशी, पाणी नितळ असेल तर, मुद्दाम आणून टाकलेल्या मोठाल्या दगडांची रास दिसते. मोठा पूर येऊन गेला की पाणबुडे खाली उतरतात आणि ते दगड जागेवर आहेत का ते मोजून येतात.